बोगद्याच्या फलकावर माझं नाव नको

आमच्या गावच्या महामार्गाखालच्या बोगद्याच्या तोंडाशी फलक लावायचा आणि त्यावर 'गुरुजींच्या प्रयत्नांतून' असं लिहायचं, हे ग्रामपंचायतीनं ठरवलं. बैठकीत मी हात जोडून म्हणालो, "माझं नाव नको. बोगदा माझ्यामुळं झालेला नाही. उलट माझ्यामुळं तो भलतीकडेच जाणार होता."

सगळे हसले. सरपंच माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, "गुरुजी पहिल्यापासून असेच. शाळेचा निकाल चांगला लागला तरी म्हणायचे, माझं काय त्यात, पोरांनी अभ्यास केला." टाळ्या झाल्या, चहा आला, विषय मंजूर झाला.

मी खरं सांगत होतो आणि लोकांना तो विनय वाटत होता. तोंडानं सांगून पटत नाही, म्हणून आता लिहून ठेवतो आहे. यात एका बाईंवर अन्याय झाला आहे. तो गावानं केला, पण गावाला ज्यानं तो करू दिला तो मी.

आमचं गाव पुणे-सोलापूर रस्त्यावर, मोहोळपासून जवळ. गाव रस्त्याच्या एका अंगाला आणि माळरान, तळं, बरीचशी शेतं दुसऱ्या अंगाला. रस्ता रुंद झाला, मध्ये दुभाजक आला, आणि त्या दुभाजकात फाट्यापाशी तेवढी एक फट राहिली. गावाचं सगळं येणंजाणं त्या फटीतून. उसाचा हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रेलर जोडून गाड्या यायच्या. त्या फटीत वळताना पुढचा ट्रॅक्टर या बाजूला, मागचा ट्रेलर त्या बाजूला आणि मध्ये अख्खा महामार्ग अडलेला. एसटी थांबायची, ट्रक भोंगे वाजवायचे, मोटरसायकलवाले जिथं भोक दिसेल तिथं घुसायचे. अपघात झाला की फाट्यावर गर्दी व्हायची, भाषणं व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या फाट्यावरून रोज दोनदा जाणारी सगळ्यांत जुनी प्रवासी म्हणजे आक्का. गावाच्या पुण्याकडच्या टोकाला मेंढपाळांची वस्ती आहे, तिथं ती राहते. सकाळी मेंढरं माळावर न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची, हा तिचा दिवस. काठीला लाल चिंधी बांधून ती रस्त्याच्या मधोमध उभी राहायची आणि काठी आडवी धरायची. मोठाले ट्रक तिच्यापुढं थांबायचे. शेवटचं मेंढरू पार होईपर्यंत काठी खाली यायची नाही. एखाद्या ड्रायव्हरनं शिवी दिली, तर ती शांतपणे म्हणायची, "तुजी आय आसती तर असाच भोंगा वाजिवला आसतास व्हय रं?" पण गेल्या काही वर्षांत गाड्यांचा वेग वाढला होता. तिची काही मेंढरं चाकाखाली गेली. एकदा तीही थोडक्यात वाचली. तेव्हापासून रस्ता ओलांडताना ती काठी दोन्ही हातांनी घट्ट धरायची. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

अशा दिवसांत रस्ते खात्यानं सोलापूरभोवतीचे कोंडीचे फाटे आणि चौक सुधारायचं काढलं. आमच्या फाट्यावर दुभाजकातली फट बंद होणार होती आणि जवळपास कुठंतरी रस्त्याखालून बोगदा होणार होता. त्याआधी जनसुनावणी ठेवली होती. शाळेच्या सभागृहात, दुपारी.

इंजिनिअर बाई सोलापुरातून आल्या. वय फार तर पस्तिशीचं, पायात साधी चप्पल, काखेत नकाशाची गुंडाळी. त्यांनी स्वतःच खुर्चीवर चढून नकाशा भिंतीला टांगला. मला त्यांनी पुढच्या रांगेत बसवलं आणि विचारलं, "गुरुजी, इथून नीट दिसतंय ना?"

मी आयुष्यभर भूगोल शिकवला. या तालुक्यातल्या दोन पिढ्यांना नकाशा वाचायला मी शिकवलं. मी म्हणालो, "बाई, नकाशा मला विचारताय?" लोक हसले, त्याही हसल्या.

त्या बोलू लागल्या. मराठी त्यांची चांगली होती, पण खात्यातले शब्द मधे मधे येत होते. मागचे लोक कुजबुजू लागले. "काय म्हंती?" "काय कळंना." मला वाटलं, आता आपली गरज आहे. मी उठलो, कोपऱ्यातली पट्टी घेतली आणि नकाशापुढं जाऊन उभा राहिलो.

"हे बघा," मी म्हणालो, "ही आडवी रेघ म्हणजे आपला हायवे. डावीकडं पुणं, उजवीकडं सोलापूर. आणि हा डावीकडं चौकोन दिसतोय, तो बोगदा. म्हणजे पुण्याच्या अंगाला, थेट आक्काच्या वस्तीपाशी. आक्का, तुझी मेंढरं आता रस्त्याखालनं जाणार."

बायकांत बसलेली आक्का एकदम उभी राहिली. "देवानंच ऐकलं म्हनायचं!" ती म्हणाली. टाळ्या पडल्या.

बाई पुढं आल्या. "गुरुजी, एक मिनिट. या नकाशात दिशा जरा..."

मी त्यांना काय म्हणालो, ते शब्दही मला आठवतात. "बसा बाई. सकाळपासून दमला असाल. चहा घ्या, मी आमच्या भाषेत सांगतो."

त्या पुन्हा म्हणाल्या, "पण गुरुजी..." तोवर मी विचारलं होतं, "कबूल आहे का सगळ्यांना?" आणि माझा हात वर गेला होता. आमच्या गावात सभेची एक रीत आहे. हात आधी वडीलधाऱ्याचा वर जातो आणि मग बाकीच्यांचे. माझ्यामागं सगळं सभागृह हात वर करून उभं राहिलं. चहाच्या किटल्या आत आल्या आणि बाईंचा आवाज कपबशांत बुडून गेला.

तो नकाशा आम्ही पाहतो तसा नव्हता. आखणाऱ्यानं सोलापूर डावीकडे घेतलं होतं आणि पुणं उजवीकडे. उत्तर दिशेचा बाण खालच्या कोपऱ्यात होता, खाली तोंड करून. म्हणजे डावीकडचा चौकोन आक्काच्या वस्तीपाशी नव्हताच. तो दुसऱ्या टोकाला होता, सोलापूरच्या अंगाला, धान्याच्या गोदामांजवळ. नकाशा हातात घेतला की आधी उत्तर शोधायची, हे मी वर्षानुवर्षं पोरांना सांगत आलो. न शोधणाऱ्याला मी बाकावर उभं करत असे. त्या दिवशी मी स्वतः ती शोधली नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कोपऱ्यातलं बारीक मला नीट दिसत नव्हतं आणि दिसत नाही हे चारचौघांत सांगायची माझी तयारी नव्हती.

पुढं मोजणीची माणसं आली आणि त्यांनी गोदामांजवळ खुणा केल्या. आक्का धापा टाकत माझ्या दारात आली. "गुर्जी, बोगदा तिकडं चाललाय की! तुमी तर माज्या दारात म्हनला हुता."

मी तिच्याबरोबर गेलो. खुणा पाहिल्या आणि मला सगळं कळलं. नकाशा डोळ्यांपुढं आला, त्यातला कोपराही आला. आक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. सर्व्हिस रोडनं, उसाच्या गाड्यांच्या गर्दीतून, मेंढरं एवढ्या लांब हाकत न्यायची आणि परत आणायची, हे तिच्यानं होणार नव्हतं.

"आसं कसं झालं वो?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "बघतो."

त्या एका शब्दात मी लपलो. त्यानंतर गावानं स्वतःच ठरवून टाकलं की, बाईनं सभेत एक दाखवलं आणि केलं दुसरंच. गोदामवाल्यांशी संगनमत असणार, असंही कुणीतरी म्हणालं. मी ऐकलं आणि गप्प बसलो.

मग रास्ता रोको झाला. फाट्यावर मंडप टाकून मला पुढं खुर्ची दिली. "बाईनं फसवलं, गावाला बुडवलं" अशा घोषणा चालल्या होत्या. इंजिनिअर बाई जीपमधून उतरल्या आणि आक्का सगळ्यांपुढं गेली. तोंडावर पालथा हात मारून तिनं त्यांच्या नावानं बोंब ठोकली. होळीलासुद्धा इतकी मोठी बोंब मी ऐकलेली नव्हती. बाई तिथंच उभ्या राहिल्या. त्यांनी ना तोंड फिरवलं, ना पोलिसाला पुढं केलं. आक्काची बोंब संपेपर्यंत त्यांनी ती ऐकून घेतली.

सरपंचानं ओरडून विचारलं, "नकाशा बदलला का नाही, एवढंच सांगा!"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मी धोतराचा सोगा नीट करू लागलो.

"नकाशा बदललेला नाही," त्या म्हणाल्या. "समजावून सांगण्यात मी कमी पडले. मी पुन्हा येते. या वेळी भिंतीवर काही टांगणार नाही."

एवढंच. एक वाक्य बोलून त्या मोकळ्या झाल्या असत्या आणि ते वाक्य खरंही होतं. त्यांनी ते उच्चारलं नाही. वरच्या साहेबांनी त्यांना सोलापुरात बोलावून चांगलंच सुनावलं, असं नंतर कानावर आलं. तिथंही त्या माझ्याबद्दल बोलल्या नसाव्यात, कारण कुणी माझ्याकडं चौकशीला आलं नाही.

त्या पुन्हा आल्या. सभेच्या आधी नुसत्याच येऊन गेल्या, एकदा नव्हे, अनेकदा. पहाटे फाट्यावर उभ्या राहिल्या. उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशेजारी बसून कारखान्यापर्यंत गेल्या. एक दिवस तर आक्काबरोबर मेंढरांमागं चालत माळावर जाऊन आल्या. आक्का तेव्हा त्यांच्याशी धड बोलतही नव्हती. पण वस्तीत परतल्यावर ती म्हणाली, "बाय चालती मातुर. दुपट्ट्यावर कुसळं घिऊन आली, पन कुरकुरली न्हाई."

दुसरी सुनावणी शाळेच्या मैदानावर झाली. कबड्डीचं मैदान आखतात ती पांढरी फक्की बाईंनी पोत्यानं आणली होती. सगळं मैदान त्यांनी आखून काढलं. हायवे, दुभाजक, गाव, वस्ती, तळं, गोदामं. आणि पुणं ज्या दिशेला आहे, त्याच दिशेला पुणं ठेवलं.

"आज कुणी हात वर करायचा नाही," त्या म्हणाल्या. "आपापल्या घरापाशी जाऊन उभे राहा."

लोक लाजत लाजत उभे राहिले. मीही माझ्या घराच्या चौकोनात उभा राहिलो.

"आता रोज जिथं जाता, तिथं जा."

आणि मग जे झालं ते गावात अजून सांगतात. दूधवाले, पोरांना शाळेत सोडणाऱ्या बाया, शेतावर जाणारे, सगळे एकदम निघाले आणि फक्कीच्या फाट्यावर एकमेकांवर आदळले. एका ट्रॅक्टरवाल्यानं दोन मित्रांना आपला सदरा मागून धरायला लावला, "ह्ये माजं ट्रेलर" म्हणून, आणि तोंडानं फटफट करत वळायला गेला. मागचा मित्र थेट गोदामात पडला. "ट्रेलर पल्टी झालं!" कुणीतरी ओरडलं आणि बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. बाईही हसत होत्या आणि हसता हसता, कोण कुठं अडलं ते बघत होत्या.

आक्कानं खरीच चार मेंढरं आणली होती. बाईंनी गोदामांपाशी आखलेला बोगदा दाखवला. "आक्का, इथून न्या."

आक्का वस्तीपासून निघाली. सगळं मैदान ओलांडून, उसाच्या गाड्या झालेल्या माणसांना चुकवत, तिकडं गेली आणि तळ्याकडं यायला पुन्हा सगळं मैदान चालत आली. मेंढरं मध्येच कंटाळली आणि सरळ रेघ ओलांडून हायवेवर गेली. मैदानावरचं हसू थांबलं. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

बाईंनी विचारलं, "वस्तीजवळ ओढ्यावर, रस्त्याखाली, जुनी मोरी आहे ना?"

"हाय की. पन बारकी हाय."

"मोठी केली तर? एका बाजूनं पाणी जाईल, दुसऱ्या बाजूनं उंच वाट ठेवू."

आक्कानं मेंढरांकडं पाहिलं. "आंधार नगं. पल्याडचा उजेड दिसला न्हाई तर मेंढरू शिरत न्हाई."

"मग वाट सरळ ठेवू. आणि वर दुभाजकात झरोका सोडू."

आज बोगदा तसाच आहे. आत शिरलं की मध्यावर वरून उजेड पडतो. खर्चाचे, मंजुरीचे कागद बाईंनी कसे पुढं नेले, ते मला माहीत नाही. गोदामांजवळचा मोठा बोगदाही झाला, तो ऊसगाड्यांसाठी. फट बंद झाली. फाट्यावर आता भोंगा क्वचित ऐकू येतो.

मैदानावरच्या त्या सभेनंतर बाई माझ्या घरी पाणी प्यायला आल्या होत्या. मी कसंबसं म्हणालो, "बाई, त्या दिवशी नकाशा मी..."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"मग रास्ता रोकोच्या वेळी बोलला का नाही?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "गुरुजी, लोक तुमचं ऐकतात. त्यांचा तुमच्यावरचा विश्वास मी मोडला असता, तर आज मैदानावर कोण आलं असतं? आणि त्या दिवशी मीही बसले ना खाली. एवढा नकाशा घेऊन आले होते, माझं काम होतं उभं राहायचं."

मी तेव्हाच सरपंचाला बोलवायला हवं होतं. बोलावलं नाही. उलट गावात पसरलं की, गुरुजींनी बाईंना घरी बोलावून कानउघाडणी केली, म्हणून बोगदा परत वस्तीजवळ आला. मी तेही खोडलं नाही. फलकाचं बीज तिथं पडलं.

तर बैठकीत कुणाला पटलं नाही म्हणून मी आक्काकडं गेलो. ती वाघरीच्या जाळ्यात मेंढरं कोंडत होती. मी सगळं सांगितलं. नकाशा उलटा होता, बाई उठल्या होत्या, मी त्यांना बसवलं, हे सगळं.

आक्कानं हातातली वाघरीची दोरी सोडून दिली. "म्हंजी मी त्या बायच्या नावानं बोंब मारली ती तुमच्यापायी?"

"व्हय."

"आन तुमी खुर्चीवर बसून बगत हुता?"

"व्हय."

"मेंढरू गेलं तर माज्यानं सोसंल, गुर्जी. पर एका भल्या बाईच्या तोंडावर मला बोंब मारायला लावलीसा." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं. "फोन लावा तिला. आत्ताच्या आत्ता."

मी लावला. बाई आता मंगळवेढ्याच्या बाजूला एका चौकाचं काम बघतात. पलीकडून गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते. आक्कानं फोन माझ्या हातातून घेतला आणि जोरात म्हणाली, "बाय, मी चुकले. माज्या तोंडात किडं पडू देत."

बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. आक्का म्हणाली, "व्हय, शिरत्यात की. पैल्या दिशीच शिरली. उजेड पडतो न्हवं वरनं." मग पुन्हा ऐकत राहिली आणि फोन माझ्या हातात देत म्हणाली, "तिनं मेंढराचंच इचारलं बगा."

मी फोन कानाला लावला. बाईंना सांगितलं की, मला हे चारचौघांत बोलायचं आहे, पण आमच्या गावात कुणी खरं मानत नाही. त्या म्हणाल्या, "मग इथं येऊन बोलाल? इथल्या चौकाची सुनावणी आहे. लोक चिडलेले आहेत."

आक्का आणि मी एसटीनं गेलो. तिकीट तिनं आपलं आपण काढलं. सुनावणी एका मंगल कार्यालयाच्या अंगणात होती. फक्कीनं चौक आखलेला होता. बाईंनी माझी ओळख "माझ्या ओळखीचे गुरुजी" एवढीच करून दिली. मी उभा राहिलो. मी सांगितलं की, मी भूगोलाचा शिक्षक, मी नकाशा उलटा वाचला, बाईंना खाली बसवलं आणि सगळ्या गावाचे हात वर करवले. त्यांच्यावर बोंब मारली गेली तेव्हा मी गप्प बसलो. ज्वारीच्या रानातून आलेले ते अनोळखी लोक माझ्याकडं बघत होते. कुणी हसलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांना ते खरं वाटलं. एवढं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मी बसलो आणि बाई बोलायला उठल्या. त्यांचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आतच पुढच्या खुर्चीवरचे एक पांढऱ्या मिशीचे आजोबा काठी टेकत उभे राहिले. "थांबा म्याडम, मी सांगतो ह्यास्नी..."

बायकांच्या घोळक्यातून आक्काचा आवाज आला.

"बसा की आबा! आमचं गुर्जी आत्ता काय सांगून बसलं? बाईला बोलू द्या."

आबा बसले. बाईंनी हातातलं फक्कीचं घमेलं खाली ठेवलं आणि बोलायला सुरुवात केली.